हजामत कोणाच्या नावे?

मराठी भाषेने कुत्र्याचा विचार पुष्कळ केला आहे, पण तो शेपटीपासून सुरू होतो आणि तोंडापाशी संपतो. त्याचं शेपूट नळीत घालून पाहिलं. वाकडं ते वाकडंच निघालं. त्याचं भुंकणं आणि चावणं यांचा ताळा जमवून पाहिला. आंधळ्याने दळलेलं पीठ त्याला खाऊ घातलं. एखाद्या माणसाची फारच दुर्दशा झाली, तर ‘त्याचे हाल कुत्रं खाईना’ असं म्हणून कुत्र्याच्या आवडीनिवडीचाही मान राखला. पण त्याच्या केसांबद्दल आपल्या पूर्वजांनी एक अक्षर काढलेलं मला तरी आढळलं नाही. केसाने गळा कापायचा तो माणसाने माणसाचा, आणि केसालाही धक्का लागू द्यायचा नाही तो आपल्या माणसाच्या. कुत्र्यालाही केस असतात, ते वाढतात, गुंततात आणि ते विंचरण्याचे कोणी रोख पैसे घेतो, ही गोष्ट म्हणीत बसण्याइतकी मुरलेली नाही.

आता मात्र ती मुरायला लागली आहे. पुण्यात कुत्र्यांची सलूनं निघाली, त्यांना ‘स्पा’ म्हणू लागले, आणि जे सलूनपर्यंत जात नाहीत त्यांच्या दारी सलून येऊ लागलं. एका गाडीत टब, गरम पाणी, केस वाळवायचं यंत्र आणि कात्र्यांचा संच घालून ही मंडळी कोथरूड-बाणेरकडे हिंडत असतात. आमच्या बुधवार पेठेत ती गाडी येत नाही. येणार कुठून? आमच्या बोळात दोन स्कूटर समोरासमोर आल्या, तर एकीला माघार घ्यावी लागते, आणि माघार घेण्याची आमच्या पेठेत पद्धत नाही. तेव्हा कारागीर गाडी नदीपलीकडे ठेवतो आणि हत्यारं खांद्याला लावून जिना चढतो. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी धोकटी घेऊन न्हावी वाड्यावर यायचा, तसाच. फरक इतकाच, की तेव्हा तो मालकाची करायला यायचा, आता कुत्र्याची करायला येतो. मालकाची होते ती बिल देताना, आणि ती बिनपाण्याची.

या धंद्याला मराठीत धड शब्द नाही. करणारे ‘ग्रूमिंग’ म्हणतात. परिभाषा समितीकडे प्रकरण गेलं, तर ‘श्वानकेशसंवर्धन’ असा शब्द बाहेर पडेल आणि तो ऐकून कुत्री आपण होऊन टक्कल करून घेतील. आमच्या समोरच्या गॅलरीतले अण्णा सरळ ‘कुत्र्याची हजामत’ म्हणतात. अण्णा निवृत्त आहेत, आणि निवृत्तीनंतर त्यांनी नीतिशास्त्र हाती घेतलं आहे. त्यांनी मला गॅलरीतूनच विचारलं, “इथे माणसांना दोन वेळचं मिळत नाही, आणि तुम्ही कुत्र्याला शांपू लावता. हे नीतीला धरून आहे का?”

गॅलरीतून विचारलेला प्रश्न पेठेत खाजगी राहत नाही. खालचा इस्त्रीवालासुद्धा इस्त्री उभी करून उत्तराची वाट पाहू लागला.

प्रश्न माझ्याकडे येण्याचं कारण म्हणजे आमच्या घरातला लाडू. जात शित्झू. या नावाचा चिनी भाषेतला अर्थ सिंह. हा सिंह गणपतीच्या दहा दिवसांत ढोल वाजला की पलंगाखाली जातो, आणि आम्ही राहतो दगडूशेठ गणपतीपासून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे वर्षातले ते दहा दिवस सिंहाचा मुक्काम गुहेतच असतो. तो मुलीने आणला, नाव सौ.ने ठेवलं, आणि खर्चाची बाजू लोकशाही पद्धतीने माझ्याकडे आली. महिन्याकाठी त्याच्या केसांचे बाराशे रुपये होतात. माझ्या केसांचे एकशेवीस. यावरून घरात कोणाला काय किंमत आहे, हा हिशेब मी मांडत नाही. केसांच्या संख्येच्या प्रमाणात पाहिलं तर मीच महाग पडतो.

मी कॉमर्सचा पदवीधर. तत्त्वज्ञान आम्हाला नव्हतं. आम्हाला बुककीपिंग होतं. पण मला असं वाटत आलंय, की नीतीचे निम्मे प्रश्न जमाखर्चाने सुटतात आणि उरलेले निम्मे जमाखर्च नीट न लिहिल्यामुळे निर्माण होतात. व्यक्तींच्या खात्यांचा एक नियम आम्हाला पहिल्याच वर्षी घोकवला होता : घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा. देवघेव कोणतीही असो, आधी विचारायचं, ‘यात घेतलं कोणी?’ ते कळलं की पुढचं सगळं आपोआप सरळ होतं. अण्णांच्या प्रश्नालाही मी हीच फूटपट्टी लावली. कुत्र्याच्या हजामतीत घेणारा कोण?

तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला? अंघोळ कुत्र्याची, केस कुत्र्याचे, म्हणजे घेणारा कुत्रा. व्हाउचर पास करा आणि मोकळे व्हा. पण बँकेत तीस रुपयांचं व्हाउचरसुद्धा मागचं पान उलटल्याशिवाय पास होत नाही. तेव्हा एकेक कलम पाहू.

पहिलं कलम विंचरण्याचं. शित्झू, ल्हासा, पूडल या मंडळींचे केस आपल्यासारखे वाढतच राहतात. गावठी कुत्र्याचे जसे ठरावीक लांबीला थांबून गळतात, तसे फारसे गळत नाहीत. सुटलेला केस खाली पडत नाही, शेजारच्या केसात अडकतो. त्याच्या गाठी होतात, गाठीगाठी मिळून गठ्ठा होतो आणि गठ्ठ्यांचा नमदा. हा नमदा कातडीला चोवीस तास ओढत असतो. तुमची शेंडी कोणी दिवसरात्र दोन बोटांत धरून ठेवली, तर तुमची नीतीविषयक मतं काय होतील, याची कल्पना करा. पावसाळ्यात त्याच्याखाली ओल धरते, कातडी लाल होते, चिघळते, गोचिडांना भाड्याशिवाय जागा मिळते. आणि गोचीड नुसती रक्त पीत नाही, तापही देऊन जाते. त्यात गंमत अशी, की हे गठ्ठे न सोडवता कुत्र्याला अंघोळ घातली तर ते आणखी आवळतात. आधी विंचरायचं, मग पाणी. आणि विंचरायचं ते वरवर फणी फिरवून नव्हे, केस बाजूला करून मुळापासून. आमच्याकडे येणारा मुलगा पहिल्या दिवशी लाडूच्या कानामागे आणि काखेत बोटं घालून म्हणाला, “काका, पाठ सगळेच विंचरतात. कुत्रा कळतो तो काखेत.”

दुसरं कलम नखांचं. फरशीवर राहणाऱ्या कुत्र्याची नखं झिजत नाहीत. वाढली की पाऊल वाकडं पडतं. नखाच्या आत रक्तवाहिनी असते, तिच्या अलीकडे थांबणारा हात लागतो. तिसरं कलम कानांचं : लोंबत्या कानात पाणी राहिलं की दुखणं आलंच. चौथं साबणाचं. कुत्र्याच्या कातडीचा वरचा थर आपल्यापेक्षा पातळ असतो आणि तिचा आम्लपणाही आपल्याइतका नसतो, म्हणून माणसाचा साबण त्याला सोसत नाही. ‘घरात सगळ्यांना एकच वडी’ हे आमच्या कुटुंबाचं घटनात्मक तत्त्व लाडूच्या बाबतीत मोडावं लागलं. मोती साबणाने दिवाळीची पहिली अंघोळ हा त्याचा हक्क आहे असं सौ.चं मत होतं. त्यालाही त्या मुलाने हात जोडून स्थगिती दिली.

इथपर्यंत अडचण नाही. या चारही कलमांत घेणारा कुत्रा आहे. खर्च त्याच्या नावे टाकावा आणि हू की चू करू नये.

पण बिलाचं पान उलटलं की पुढची कलमं लागतात. डोक्यावर रिबिनीचा बो. कानाच्या टोकांना गुलाबी रंग. अंगाला फ्रेंच नावाचं अत्तर. शेपटीचा गोंडा. वाढदिवसाला झब्बा. आता सांगा, यात घेणारा कोण? बो कुत्र्याला दिसत नाही. तो त्याच्या डोक्यावर असतो. गुलाबी रंगाचं त्याला काही सोयरसुतक नाही. कुत्र्याला मुख्यतः निळं आणि पिवळं दिसतं. आणि अत्तर? ज्या प्राण्याचं नाक आपल्याहून कितीतरी पटींनी तिखट, ज्याला बोळाच्या तोंडाशी कोण येऊन गेलं हे दुसऱ्या दिवशी हुंगून कळतं, त्याच्या अंगालाच अत्तर चोपडायचं म्हणजे वर्तमानपत्र वाचत बसलेल्या माणसाच्या चष्म्याला शेंदूर फासण्यासारखं आहे. तो सभ्यपणाने काही बोलत नाही इतकंच. फक्त सोडला की दोन मिनिटांत गच्चीवरच्या कुंडीतल्या मातीत लोळतो, आणि आपण म्हणतो, “बघा, याला स्वच्छता कशी ती आवडत नाही!”

तेव्हा या कलमांत घेणारे आपण. बरं, देणारा कोण? पैसे आपण दिले हे खरं, पण दोन तास टेबलावर ताटकळत उभा राहिला तो कुत्रा. वेळ त्याचा, धीर त्याचा, अंग त्याचं. म्हणजे हा खर्च आपल्या नावे आणि त्याच्या जमा. आपण मात्र वर्षानुवर्षं उलटी नोंद करतो आणि वर ऐकवतो, “तुझ्यावर किती खर्च केला बघ!” लेखापरीक्षकाने हे पाहिलं तर लाल शाई पुरणार नाही.

सजावटीच्या या हौसेला माणसाने इतिहासही चांगला दिला आहे. पूडल हा मुळात पाण्यातून शिकार काढून आणणारा कुत्रा. ओले केस जड होऊन पोहायला अडथळा नको म्हणून अंगावरचे कापत आणि ऊब राहावी म्हणून छातीवर व सांध्यांवर ठेवत, असं त्या कापणीचं मूळ सांगतात. म्हणजे ती हौस नव्हती, व्यवहार होता. पुढे पूडल तळ्यातून निघून दिवाणखान्यात आला. पाणी गेलं, शिकार गेली, पण गोंडे राहिले. एवढंच नव्हे, ते फुगले. पॅरिसमध्ये सीन नदीच्या काठाला आणि पुलावर कुत्र्यांचे केस कापणारे कारागीर दुकान मांडून बसत. आपण हसायला नको. आपल्याकडेही लढाया संपून दोनशे वर्षं होऊन गेली, तरी नवरदेवाच्या हातात कट्यार असतेच. आणि ज्याला घरी भाजी चिरायची सुरी धरता येत नाही त्याच्या हातात ती विशेष शोभते.

पण अण्णांच्या प्रश्नाचा खरा गाभा याच्याही आधीच्या पानावर आहे. मुळात हे केस आले कुठून?

लांडग्याला कोणी विंचरत नाही. उन्हाळा आला की त्याची लोकर गळते, थंडी आली की नवी येते. माणसाच्या चुलीपाशी कुत्रा येऊन बसला त्याला निदान पंधरा हजार वर्षं झाली, आणि त्यातली बहुतेक सगळी वर्षं हीच व्यवस्था चालली. आमच्या खालच्या ओट्यावरचा काळू आजही तीच चालवतो. तो स्वतःला चाटतो, खाजवतो, उन्हात लोळतो, आणि पहिल्या पावसात अंघोळ करून बसतो. बोळाच्या तोंडापाशी लक्ष्मीबाई दगडूशेठ हलवायांनी बांधवलेलं दत्तमंदिर आहे. दत्ताची तसबीर पाहा : पायाशी चार कुत्री. ते चार वेद, असं आमची आजी सांगायची. चारही आखूड केसांचे! वेदांना कंगवा लागत नाही. आपल्या मुलखाचा कारवानी कुत्रा घ्या. अंगावर केस इतके बेताचे की धनगराने हात फिरवला की झालं ग्रूमिंग.

मग माणसाला वाटलं, याचे केस जरा लांब असते तर? याला मिश्या असत्या तर? याचं नाक बसकं असतं तर? चीनच्या राजवाड्यात वाटलं, तिबेटच्या मठात वाटलं, आणि विलायतेत तर १८७३ साली लंडनला केनेल क्लब निघून या वाटण्याचं रीतसर दप्तरच सुरू झालं : अमक्या जातीचे केस अमके असावेत, कान तमके. वाडवडिलांच्या नोंदी, प्रदर्शनं, बक्षिसं. मग त्याबरहुकूम जोड्या लावून कुत्री काढली. २००९ साली शास्त्रज्ञांनी ऐंशी जातींची हजारावर कुत्री तपासून ‘सायन्स’ मासिकात प्रसिद्ध केलं, की कुत्र्यांच्या केसांचं हे सारं वैविध्य बहुतांशी फक्त तीन जनुकांच्या फेरबदलांतून आलेलं आहे. एक केस लांब करतं, एक कुरळे करतं, आणि तिसरं मिश्या-भुवया देतं. तीनच! आमच्याकडे कर्जाला याहून जास्त सह्या लागतात.

आणि हे कर्जच आहे. आता हे कलम नियमाला लावा. लांब केस मागितले कोणी? माणसाने. शोभा घेतली कोणी? माणसाने. दिलं कोणी? आपले केस आपण सांभाळण्याची जी सोय लांडग्याला होती, ती कुत्र्याने दिली. लाडूला त्याचे केस चाटून आवरत नाहीत, खाजवून सुटत नाहीत, गळून जात नाहीत. माणसाचा हात नसेल तर तो स्वतःच्याच केसांत कोंडला जाईल. तेव्हा मी रोज रात्री दहा मिनिटं त्याच्या काखेत फणी घालतो ती भूतदया नव्हे, लाडही नव्हेत. तो हप्ता आहे. मूळ कर्ज मी काढलेलं नाही, हे खरं. पण पिल्लू उचलून घरी आणलं त्या दिवशी जामीन म्हणून माझी सही झाली. जामीनदाराची काय अवस्था होते हे आमच्या धंद्यात मला रोज दिसतं.

नामदेवांच्या हातची पोळी कुत्र्याने पळवली, तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकतो. तिच्यातलं मर्म मला फार उशिरा लक्षात आलं. त्यांनी कुत्र्याला काय हवं ते पाहिलं. कोरडी पोळी नेलीस, घशात अडकेल, हे तूप घे. आपण असतो तर पोळी गेली ती गेली, कुत्र्याच्या गळ्यात हार घालून फोटो काढला असता.

हे सगळं मी अण्णांना ऐकवलं. अण्णा म्हणाले, “ते असो. पण गरिबांचं काय?” आता हा मुद्दा नुसता झटकून टाकण्यासारखा नाही. शांपूचे वाचलेले पैसे उचलून गरिबाच्या हातावर ठेवणारा माणूस माझ्या पाहण्यात नसला, तरी मुद्द्याचा अर्धा भाग खरा आहे. बो, रंग, अत्तर, झब्बा यांचे पैसे मी अण्णांना बिनशर्त देऊन टाकतो. त्यांनी ते खुशाल दानधर्मात घालावेत. पण फणी, नखं, कान यांचे पैसे मला देता येत नाहीत, कारण ते माझे नाहीतच. देणं फेडायच्या पैशांतून दान करता येत नाही. त्याला वेगळं नाव आहे. काटकसरीचा विचार करायची वेळ पिल्लू घरी आणण्याच्या आधीची. तेव्हा तो केला नाही आणि आता ‘परवडत नाही’ म्हणून कुत्रा हडपसरच्या पलीकडे सोडून आलो, तर ते दिवाळं.

युधिष्ठिराची केस याच कायद्याखाली चालली होती. स्वर्गाच्या दारात इंद्राने नियम दाखवला, की कुत्रेवाल्यांना आत जागा नाही. हा नियम वाचला की स्वर्गाची पाटी पुण्यातच रंगवून घेतली असावी, अशी माझी खात्री पटते. युधिष्ठिर म्हणाला, जो आश्रयाला आला त्याला टाकून मला आत यायचं नाही. त्या कुत्र्याचे केस कसे होते, महाभारतात लिहिलेलं नाही. पण इतक्या लांबच्या प्रवासानंतर ते गुंतलेले असणारच, आणि तरी धर्मराजाने ‘आधी याला जरा बरा दिसू दे, मग आत नेऊ’ असं म्हटलं नाही.

हे सगळं एरवी वादविवादापुरतंच राहिलं असतं. पण अण्णांच्या घरातही एक कुत्रा आहे. पोमेरेनियन, पांढरा. मुलगा अमेरिकेला जाताना ठेवून गेला. ‘सहा महिन्यांत नेतो’ म्हणाला होता, त्याला चार वर्षं झाली. अण्णा त्या कुत्र्याला नावाने हाक मारत नाहीत, ‘हा’ म्हणतात. गेल्या एप्रिलमध्ये आमच्याकडे तो मुलगा आला होता, तेव्हा अण्णांनी त्याला गॅलरीतून वर बोलावलं आणि म्हणाले, “याची लोकर एकदा मुळापासून उडवून टाक. उन्हाळा आहे, त्यालाही गार वाटेल आणि मलाही वर्षभर पाहायला नको. मशीन घाल.”

मुलाने कुत्र्याच्या पाठीवरून उलटा हात फिरवला, केस दुभंगून पाहिले आणि म्हणाला, “आजोबा, याला मशीन लावणार नाही.”

“का? लाडूला लावतोस की!”

मग त्याने समजावून सांगितलं. पोमेरेनियनचे केस दोन थरांचे. वरचे राठ, खालची मऊ लोकर. दोन्हींच्या मध्ये हवा धरलेली असते. ती थंडी जशी अडवते तसं ऊनही अडवते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. थोडाफार येतो तो तळव्यांना, बाकीची उष्णता तो धापा टाकून बाहेर टाकतो. केस काढले म्हणजे त्याला वारा लागत नाही, ऊन लागतं. शिवाय या जातीचे केस मुळापासून उडवले तर पुष्कळदा धड परत येत नाहीत. महिनोन्महिने चट्टे राहतात. करायचं ते एकच : खालची सुटलेली लोकर विंचरून काढायची, रोज थोडी थोडी.

“हे बघ,” अण्णा म्हणाले, “पैसे मी देतोय.”

मुलगा हत्यारं आवरत म्हणाला, “पैसे तुमचे आजोबा, पण कातडी त्याची.”

मी बुधवार पेठेत जन्मलो. अण्णांना निरुत्तर झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. खाली इस्त्रीवाल्याने शर्ट जाळला.

तो मुलगा सलूनवाल्याचा. आजोबांपासून कात्रीचा धंदा. त्याचं वाक्य ऐकून मला एकदम १८९० साल आठवलं. त्या वर्षी मुंबईत जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी मंडळी एकत्र जमली आणि त्यांनी ठरवलं, की यापुढे विधवांचे केस आम्ही कापणार नाही. ज्या बाईचे केस जायचे तिला कोणी विचारत नव्हतं. पैसे घरच्यांचे, रूढी गावाची, डोकं तेवढं तिचं. त्या बायकांच्या दुःखाशी लाडूच्या झुलपांची किंवा अण्णांच्या पोमेरेनियनची बरोबरी कोणी करू नये. मी तर मुळीच करत नाही. तराजूच वेगळा आहे. मला दिसलं ते एवढंच, की वस्तरा हातात असलेला माणूससुद्धा ‘हे कोणासाठी?’ असं विचारू शकतो, आणि उत्तर पटलं नाही तर धोकटी बंद करू शकतो. आमच्या पेठेतल्या भिडेवाड्यात १८४८ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. तो वाडा २०२३ साली स्मारकासाठी पाडला. वाडा गेला, पण तिथल्या लोकांनी विचारून ठेवलेले प्रश्न बोळाबोळांतून हिंडत असतात. एखाद्या एप्रिलच्या दुपारी ते फणी-कात्री घेऊन जिना चढून वर येतात.

त्याच मुलाने जाताना मला एक गोष्ट सांगितली. एका बंगल्यावर त्याला बोलावलं होतं. कुत्री दिवाणखान्यात गादीवर बसलेली. डोक्यावर सुरेख बो, तोंडाभोवतीचे केस कापसासारखे. टेबलावर घेऊन उलटी केली, तर पोटाखाली आणि मांड्यांत केसांची एक सलग चादर, आणि ती कापून काढल्यावर खाली कच्ची लाल कातडी, त्यात किडे. “काका,” तो म्हणाला, “लोकांना दिसतं तेवढं झकास होतं.” एवढं बोलून तो चपला घालू लागला. मला त्या दिवशी चहा गोड लागला नाही.

म्हणून नीतिशास्त्राच्या मोठ्या ग्रंथांत न शिरता एक सोपी कसोटी मी ठरवली आहे. कुत्र्यासाठी काहीही करताना मनाला विचारायचं : कोणीही पाहणार नसेल, तर मी हे करीन का? बो नाही बांधणार. झब्बा नाही शिवणार. काखेतली गाठ मात्र सोडवीन. ज्याचं उत्तर ‘हो’ येईल ते त्याच्या नावे, ज्याचं ‘नाही’ येईल ते आपल्या. आपल्या नावे काही टाकूच नये असं नव्हे. तुळशीबागेत दहा रुपयांची क्लिप मिळते आणि आमची मुलगी हौसेने आणते. मी आडवा येत नाही. हौसेला मोल नसतं. फक्त ती कोणाची आहे, हे वहीत खरं लिहावं. ही कसोटी मी पुढे माणसांनाही लावून पाहिली. मुलांचे क्लास, म्हाताऱ्यांची पंच्याहत्तरी, लग्नातले मानपान. पण ते काम वाढत गेलं आणि घरातलं वातावरण बिघडू लागलं, तेव्हा थांबवलं.

या कसोटीला उतरलेला एक माणूस मला माहीत आहे. रात्री दहानंतर समोरच्या गॅलरीतला दिवा मालवतो. मग थोड्या वेळाने अंधारात खर्र खर्र असा फणीचा आवाज सुरू होतो, आणि मधूनच दबक्या आवाजात, “बस रे, झालंच, एवढी एक बाजू.” सकाळी गॅलरीच्या कोपऱ्यात पांढऱ्या लोकरीचा बोळा असतो आणि चिमण्या तो घरट्यासाठी ओढून नेत असतात. याविषयी पेठेत कोणी एक शब्द काढत नाही. आमच्याकडे इतका समजूतदारपणा क्वचित दिसतो.

राहता राहिला लाडू. अंघोळ, फणी, नखं, सगळं झालं की तो आजही गच्चीवर जातो आणि कुंडीतल्या मातीत यथेच्छ लोळतो. सौ. ओरडते, मुलगी ओरडते, बाराशे रुपये मातीत गेले म्हणून मीही एक सुस्कारा सोडतो. पण हल्ली मी त्याला पाच मिनिटं कोणाला अडवू देत नाही. आपण दोन तास त्याचं अंग आपल्या मताप्रमाणे वागवलं. आता पाच मिनिटं ते त्याच्या मताप्रमाणे वागू दे. तेवढीच त्याची सही. मग पुन्हा फणी आणतो.